इंद्रायणीत दोनदा बुडालेले कागद

लोणावळ्याच्या बाजूला कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी कामशेत मागे टाकते आणि तळेगावच्या उत्तरेला आंबीपाशी येते. आज या भागात तळेगाव एमआयडीसीचे कारखाने आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, नवलाख उंबऱ्याच्या रस्त्यावर कंटेनरची रांग आहे. नदी मात्र आपल्या जुन्याच वाटेने इंदोरीकडे जाते. डावीकडे भंडारा डोंगर दिसू लागतो, मग देहू येते, आळंदी येते आणि तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते.

आंबीपासून देहूपर्यंतचा हा टापू काही कोसांचाच आहे. पण सतराव्या शतकात मराठी समाजाला फार आतून हलवणारा एक वाद इथे झाला. धर्माविषयी कोणी बोलायचे, कोणी लिहायचे आणि कोणी कोणाच्या पायांवर डोके ठेवायचे, हा तो वाद. त्या काळात या नदीत दोनदा कागद बुडाले. पहिल्या वेळी तुकोबांनी ते स्वतः होऊन बुडवले. दुसऱ्या वेळी त्यांना ते बुडवावे लागले. या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या, तर तुकोबांच्या समतेचा पाया कुठे होता ते नीट कळते.

पहिले कागद होते कर्जाचे.

देहूच्या मोरे घराण्याकडे महाजनकी होती. दुकान होते, शेती होती, सावकारी होती आणि पूर्वज विश्वंभरबाबांपासून चालत आलेली विठ्ठलाची पूजा होती. तुकोबांनी स्वतःच्या आयुष्याविषयी जे सांगितले आहे, त्यात त्यांनी आपली जात शूद्र आणि धंदा वाण्याचा असल्याचे आडपडदा न ठेवता नोंदवले. आईवडील गेले. थोरले बंधू सावजी पत्नीच्या मृत्यूनंतर घर सोडून निघून गेले. मग १६३०च्या सुमाराचा तो दख्खनचा भयंकर दुष्काळ आला. तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला, धंद्याचे दिवाळे निघाले. समाजात पत गेली, तोंड दाखवायची लाज वाटू लागली, हेही त्यांनी लपवले नाही.

अशा दिवाळखोराच्या घरात उरते काय, तर इतरांकडून येणे असलेल्या रकमांची खते. दुष्काळ ओसरल्यावर ती वसूल केली असती, तर घर पुन्हा उभे राहिले असते. तुकोबांनी ती खते काढली आणि नदीकडे निघाले. धाकट्या कान्होबाने अडवले. त्याचे म्हणणे रास्त होते: दादा, तुम्ही विरक्त झालात, पण आम्हाला संसार करायचा आहे. तेव्हा खतांचे दोन वाटे झाले. कान्होबाचा वाटा त्याच्या हाती दिला आणि आपल्या वाट्याची खते तुकोबांनी इंद्रायणीत सोडली. ताहराबादच्या महिपतींनी अठराव्या शतकात संतचरित्रे लिहिताना हा प्रसंग जपून ठेवला.

चमत्कारांच्या कथांपुढे हा प्रसंग नेहमी थोडा मागे पडतो. खरे तर चरित्राची किल्ली इथेच आहे. दुष्काळातून कसाबसा वाचलेला कुणबी आणि त्याचा सावकार यांच्यातले नाते कागदावर उभे होते. तो कागद नाहीसा झाला की दोघे पुन्हा एका पातळीवर येतात. भावाच्या वाट्याला हात न लावणे हीसुद्धा मोठी गोष्ट आहे, कारण आपल्या वैराग्याची किंमत त्यांनी दुसऱ्याकडून वसूल केली नाही. समतेवरचे त्यांचे अभंग पुढे आले. त्याआधी त्यांनी आपल्या हातातली सत्ता सोडली होती. साधू ओळखायचा कसा, हे सांगताना पुढे तुकोबांनी गांजलेल्यांना आपले म्हणणे आणि नोकराचाकरांवर पोटच्या मुलाइतकीच माया करणे ही खूण दिली. ती देणारा माणूस हिशेब चुकता करून बोलत होता.

मग डोंगर आले. भामचंद्र, भंडारा आणि तळेगावजवळचा घोरवडेश्वर. घरच्या धबडग्यातून निघून तुकोबा या ठिकाणी एकांतात बसत. या डोंगरांत कोरीव लेणी आहेत. भंडारा आणि घोरवडेश्वर इथे त्यांच्या कितीतरी आधी बौद्ध भिक्षू राहून गेले होते. त्याच नदीच्या वरच्या अंगाला कार्ल्याचे चैत्यगृह आहे. तिथल्या ब्राह्मी लेखांत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे, तसे धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराचेही आहे. सिंहदत्त नावाचा अत्तरे विकणारा आहे, यवन आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी या खोऱ्यात सुताराचे नाव श्रेष्ठीच्या नावाबरोबर दगडात कोरले जात होते. तुकोबांना ते लेख वाचता येत नव्हते, कारण ती लिपी तोवर सगळेच विसरले होते. त्या गुहांमध्ये बसून त्यांनी ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, कबीर यांच्या वचनांचे पाठांतर केले. त्यांना गुरुमंत्र मिळाला तोही स्वप्नात, बाबाजी चैतन्यांकडून. ज्याला शास्त्री शिकवणार नाही, त्याला स्वप्नातल्या गुरूवर कोण बंदी घालणार?

कीर्तन हा या सगळ्याचा मोकळा चव्हाटा होता. तुकोबा उभे राहत, मागे टाळकरी धृपद धरत. परंपरेने त्यांच्या चौदा टाळकऱ्यांची नावे सांगितली जातात आणि त्या नावांवर नजर टाकली तरी पुरे. गंगाराम मवाळ ब्राह्मण. संताजी जगनाडे चाकणचे तेली. लोहगावचे शिवबा कासार आणि नावजी माळी. सुदुंबऱ्याचे गवरशेट वाणी. देहूचे महादजीपंत कुलकर्णी. ज्यांच्या घरी एकमेकांचे पाणी चालत नसेल, अशी ही माणसे एका सुरात एकाच ओळीला उभी राहत. शिवाय वारकऱ्यांची ती रीत: भेटल्यावर दोघांनीही एकमेकांच्या पाया पडायचे. वयाने मोठा कोण, जातीने मोठा कोण, हे त्यात मोजत नाहीत. आधी कोण वाकतो याचीच चढाओढ असते.

वाद पेटला तो याच पायांवरून.

बहिणाबाई देवगावच्या, वेरूळच्या बाजूच्या. जन्म १६२८चा. लहानपणीच लग्न झाले, नवरा वयाने पुष्कळ मोठा. घरावर संकटे आल्यामुळे भटकत कुटुंब कोल्हापूरला पोचले. तिथे जयरामस्वामींच्या कीर्तनात तिने तुकोबांचे अभंग ऐकले. देहूपासून इतक्या लांब, माणूस पाहिलेला नसताना, केवळ शब्दांवरून तिने आपला गुरू ठरवला. तुकोबांनी स्वप्नात येऊन उपदेश केला असे ती सांगते. नवरा संतापला; ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू मानायचे, हे त्याला सहन होईना. त्याने तिला मारले. पुढे स्वतःच्या आजारपणात त्याचे मन पालटले आणि दोघे देहूला आले.

देहूत मंबाजी गोसावी होता. त्याला ही मंडळी आपल्याकडे उतरायला हवी होती. ती तुकोबांच्या पाया पडू लागली तेव्हा त्याने त्यांना वाळीत टाकण्याची धमकी दिली आणि पुण्याच्या आपाजी गोसाव्याकडे तक्रार पाठवली. शूद्राच्या पाया ब्राह्मण पडतात, असे त्या तक्रारीचे सार होते. त्याने बहिणाबाईंची गाय ओढून नेली, कोंडून ठेवली आणि तिला मारहाण केली. हे सगळे बहिणाबाईंनी स्वतः आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितले आहे. मराठीत एका स्त्रीने स्वतःचे आयुष्य, त्यातला नवऱ्याचा मार, गरोदरपण, गुरूचा ध्यास हे सारे इतक्या उघडपणे लिहावे, हे त्या काळाच्या मानाने विलक्षण आहे. तुकोबांच्या हयातीत देहूत राहिलेल्या व्यक्तीची ही साक्ष आहे, त्यामुळे इतिहासकारांना तिचे मोल फार आहे.

त्याच बाईने पुढे वज्रसूचीचा आशय मराठीत आणला. ब्राह्मण म्हणजे नेमके काय, असा प्रश्न घेऊन हा जुना ग्रंथ एकेक उत्तर तपासतो. देह म्हणावा, तर तो सगळ्यांचा पंचमहाभूतांचा. जन्म म्हणावा, तर ऋषींचे जन्म कुठेकुठे झाले. पांडित्य म्हणावे, तर ते इतरांकडेही आहे. शेवटी उरतो तो ब्रह्म जाणणारा, मग तो कुठल्याही जातीचा असो. अश्वघोषाच्या नावावर असलेला हा विचार एका ब्राह्मण स्त्रीने, एका वाण्याची शिष्या म्हणून, मराठी अभंगांत मांडला. देहूच्या त्या दिवसांचे हे फळ आहे, आणि मराठी शाळांच्या पुस्तकांत त्याला आणखी जागा मिळायला हवी.

आता दुसरे कागद. वाघोलीचे रामेश्वर भट्ट विद्वान होते, कर्मठ होते. वेदांचा अर्थ प्राकृतात आणि तोही शूद्राच्या तोंडून बाहेर पडतो, यावर त्यांनी आक्षेप घेतला. आक्षेपाचा रोख कवितेवर नव्हता. तो अधिकारावर होता: अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाचा? अभंगांच्या वह्या नदीत बुडवण्याची आज्ञा झाली आणि तुकोबांनी त्या बुडवल्या. वर्षांनुवर्षांचे लिखाण गेले. मग ते नदीकाठच्या शिळेवर अन्नपाणी सोडून बसले. तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या, अशी परंपरेची श्रद्धा आहे. तेरा दिवसांचा उल्लेख बहिणाबाईंच्या अभंगातही आहे, म्हणजे ही गोष्ट नंतरच्या चरित्रकारांनी रचलेली नाही. ती त्या पिढीतच सांगितली जात होती.

वह्या पाण्यातून कशा आल्या, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. दिसणारी गोष्ट अशी की तोवर अभंग कागदापुरते राहिलेच नव्हते. कोल्हापूरला बसलेल्या मुलीला ते ऐकू आले होते. लोहगावच्या माळ्याला, चाकणच्या तेल्याला ते पाठ होते. खते बुडाली ती कायमची बुडाली, कारण त्यांना सावकाराच्या पेटीखेरीज दुसरे घर नव्हते. अभंगांना शेकडो घरे होती.

त्या तेरा दिवसांत तुकोबांनी जे मनाशी केले, त्याचा धागा त्यांच्या कितीतरी अभंगांतून सापडतो. खरे काय आणि खोटे काय, हे ठरवताना त्यांनी आपल्याच मनाला साक्षीला बोलावले आणि बहुमताची पर्वा केली नाही. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात ते फार अवघड आहे, कारण तेच मन त्यांनी सर्वांत कठोरपणे तपासलेही आहे. स्वतःचा लोभ, मान मिळाल्यावर होणारा आनंद, भक्तीतला देखावा यांची झडती त्यांनी भोंदू बुवांच्या झडतीइतकीच कडक घेतली. मनाला साक्षीदार करायचे तर तो साक्षीदार फितूर होता कामा नये, याची ही दक्षता होती. मंबाजीने काटेरी फांदीने मारले तेव्हा त्याला कीर्तनाला बोलावून आणणे आणि रामेश्वर भट्टांना पुढे जवळ करणे, हे त्याच शिस्तीतून आले. रामेश्वर भट्ट शिष्य झाले. तुकोबांची जी आरती आजही गावोगाव म्हटली जाते, ती त्यांच्याच नावावर आहे.

लिखाण टिकवण्याचे काम केले संताजींनी. घाण्यावरचा तेली अभंग उतरवून घेतो, ही गोष्टच त्या काळच्या लेखनाच्या मक्तेदारीला उत्तर होती. त्यांची समाधी सुदुंबऱ्याला आहे, मावळ तालुक्यातच. संताजींचा देह मातीआड करताना मुख झाकेना, तेव्हा दिलेल्या शब्दाप्रमाणे तुकोबा आले आणि त्यांनी तीन मुठी माती टाकली, अशी आख्यायिका तिथे सांगतात. लेखकाने कवीचे शब्द राखले आणि कवीने लेखकाची अखेर सांभाळली, असे तेली समाजाने पिढ्यानपिढ्या आठवणीत ठेवले आहे.

पुढे तुकोबांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५मध्ये पालखीची प्रथा सुरू केली. अठराव्या शतकात तळेगावच्या त्र्यंबक कासार यांनी अभंग जमवले. एकोणिसाव्या शतकात सरकारी शिक्षण खात्याचे प्रमुख अलेक्झांडर ग्रांट यांच्या पुढाकाराने मुंबई सरकारने गाथा छापण्यासाठी २४ हजार रुपये दिले. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहिले. इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेचे दोन खंड १८६९ आणि १८७३मध्ये निघाले. यातले विष्णुशास्त्री म्हणजे विधवाविवाहासाठी सनातन्यांशी झुंजलेले सुधारक. गाथेचे संपादन आणि विधवेच्या लग्नाची लढाई ही दोन्ही कामे एकाच माणसाने, एकाच दशकात केली. प्रार्थना समाजात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर तुकोबांचे अभंग घेऊन बोलत, तेही याच काळात.

मात्र कीर्तनाच्या रिंगणातली समता गावकुसाबाहेर पोचली नाही, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. तुकोबांचे शब्द घरोघर होते आणि तरीही पंढरपूरच्या मंदिराचे दार महार-मांगांना बंद होते. चोखोबा पायरीपाशी राहिले, त्यांच्यामागून सहाशे वर्षे त्यांची माणसेही बाहेरच राहिली. साने गुरुजींनी १९४७च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण केले तेव्हा ते दार उघडले. वारकरी परंपरेवर प्रेम करणाऱ्याने हा उशीर विसरू नये. पाया पडण्याची रीत डोळ्यांसमोर असूनही इतक्या पिढ्यांना ती दारापर्यंत नेता आली नाही.

ज्यांना बाहेर ठेवले, त्यांनीही तुकोबांना सोडले नाही, हे या इतिहासातले फार मोठे पान आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२०ला ‘मूकनायक’ काढले, तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता. भीड धरून गप्प राहणाऱ्याचे जगात कोणी ऐकत नाही, असा त्याचा आशय. देहूत ज्याच्या बोलण्यावर बंदी घातली गेली, त्याचे शब्द आता मुक्यांच्या पत्राचे ब्रीद झाले. पुढे १९२७मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाले, त्यावर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या होत्या.

बाबासाहेबांचा या मुलखाशी संबंध तेवढ्यावर थांबत नाही. तळेगाव दाभाडे इथे त्यांनी घर घेतले होते. आंबीपासून ते फार दूर नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. मूर्ती रंगूनहून आणलेली होती. नागपूरच्या धर्मांतराला अजून पावणेदोन वर्षे अवकाश होता. त्या सभेत त्यांनी पंढरपूरच्या विठ्ठलाचे मूळ बुद्धाशी जोडले आणि त्यावर आपण ग्रंथ लिहिणार असल्याचे सांगितले. विठ्ठल आणि बुद्ध यांच्या नात्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पण तो विचार मांडायला त्यांनी जागा निवडली ती तुकोबांच्या गावाच्या वेशीजवळची, भंडारा आणि घोरवडेश्वरच्या लेण्यांच्या परिसरातली. तो ग्रंथ पूर्ण होण्याआधीच, ६ डिसेंबर १९५६ला बाबासाहेब गेले. देहूरोडच्या धम्मभूमीवर दर २५ डिसेंबरला लोकांची गर्दी होते. तिथून देहूचे गाथामंदिर काही किलोमीटरवर आहे. बुडवलेल्या वह्यांतले अभंग तिथल्या भिंतींवर संगमरवरात कोरले आहेत.